कास्तकाराची मदत खातेदाराच्या खात्यात

आमच्या वऱ्हाडात शेतकऱ्याला ‘कास्तकार’ म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर बसा, दोन वाक्यांत हा शब्द कानावर येतोच. मूळ फारसी ‘काश्त’ म्हणजे पेरणी, लागवड. ती करणारा तो काश्तकार, आपल्या बोलीत कास्तकार. या शब्दात मालकीचा उल्लेख कुठेही नाही. जो पेरतो, निंदतो, सोंगतो, तो कास्तकार. सरकारी दफ्तरात मात्र दुसराच शब्द चालतो, ‘खातेदार’. हाही आपल्या परिचयाचा. पण त्याला पेरणीशी काही देणंघेणं नाही. सातबाऱ्यावर नाव असलं की झालं. तो माणूस पुण्याला राहत असला आणि दहा वर्षांत बांधावर फिरकला नसला, तरी खातेदार तोच.

शेतकऱ्यांसाठी म्हणून जी मदत दिल्ली-मुंबईहून निघते, ती खातेदाराला मिळते. कास्तकार आणि खातेदार एकच असेल तर प्रश्नच नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते एकच असतात. जिथे नसतात तिथे काय होतं, यावर आज लिहायचं आहे.

पंतप्रधान किसान सन्मान निधी फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाला. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट बँक खात्यात. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच ही मदत होती. त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीनंतर ती मर्यादा काढून टाकली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ आणून त्यात आणखी सहा हजारांची भर घातली. म्हणजे महाराष्ट्रातल्या पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला बारा हजार. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी किसान सन्मानचा अठरावा हप्ता आपल्या शेजारच्या वाशिममधून सुटला, तेव्हा देशभरातल्या सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांच्या खात्यांत एकाच दिवशी २० हजार कोटींच्या वर रक्कम गेली. मध्ये दलाल नाही, चिरीमिरी नाही. ही गोष्ट लहान नाही, आणि ती मान्य करायला मला अडचणही वाटत नाही.

पण ‘पात्र’ कोण? ज्याच्या नावावर लागवडीयोग्य जमीन आहे ते कुटुंब. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. आयकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), दहा हजारांच्या वर निवृत्तिवेतन घेणारे, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए यांना वगळलं आहे. संस्थांच्या मालकीची जमीनही वगळली आहे. नोंद १ फेब्रुवारी २०१९ पर्यंतची हवी; त्यानंतरचा बदल वारसाहक्काचा असेल तरच चालतो. म्हणजे ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून, पोटाला चिमटा घेऊन, २०२० मध्ये कुठे एक एकर घेतला, तो या यादीच्या बाहेर राहिला.

वगळलेल्यांची यादी कागदावर कडक आहे. तरीही पहिल्या दोन वर्षांतच माहितीच्या अधिकारात जे आकडे बाहेर आले, त्यांत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यांत १,३६४ कोटी रुपये गेल्याचं केंद्राच्या कृषी खात्यानेच सांगितलं. त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. अशी खाती सर्वाधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. मग वसुलीच्या नोटिसा निघाल्या. वर्तमानपत्रांत तेव्हा बोगस लाभार्थ्यांवर पुष्कळ छापून आलं आणि ते योग्यच होतं. पण ज्याला मिळायला हवं होतं आणि नियमानेच मिळालं नाही, त्याच्यावर किती छापून आलं? अपात्राला मिळाले तर घोटाळा होतो. कसणाऱ्याला मिळाले नाहीत तर त्याला नावसुद्धा नाही.

बटई, ठेका आणि बाग

आपल्या जिल्ह्यात दुसऱ्याची जमीन कसण्याच्या दोन रीती सर्रास दिसतात. एक बटई. खर्च आणि पीक दोघांत, बहुधा निम्मंनिम्म. राबणं मात्र बटईदाराचं एकट्याचं. दुसरी ठेका किंवा मक्ता. पाडव्याच्या आसपास ठरलेली रक्कम मालकाच्या हातात द्यायची आणि वर्षभर शेत आपलं. बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं ठेकेदाराच्या अंगावर. पाऊस आला नाही किंवा नको तेव्हा आला, तर मालकाचा ठेका आधीच चुकता झालेला असतो. नुकसान एकट्या कसणाऱ्याचं.

आता २०२५ चा पावसाळा आठवा. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात उभं होतं, शेंगांना झाडावरच मोड आले होते. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेआठ हजार, वर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. पाच एकरांचं, म्हणजे सुमारे दोन हेक्टरांचं शेत धरा. १७ हजार आणि २० हजार, असे जवळजवळ ३७ हजार रुपये झाले. ते शेत ठेक्याने दिलेलं असेल तर मालकाकडे त्याचा ठेका आला, वर हे ३७ हजार आले, आणि किसान सन्मान-नमोचे बारा हजारही आले. ज्याचं सोयाबीन सडलं, त्याच्या हातात दुकानदाराची उधारी राहिली.

मालक भला असेल तर त्यातले काही काढून देतो. असे मालक आहेत, मी पाहिले आहेत. पण हक्क आणि मेहेरबानी यांत फरक असतो. नुकसान ज्याचं झालं त्याने भरपाईसाठी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन उभं राहावं, ही रीत कोणत्याही सरकारला शोभणारी नाही.

पीक विम्यात कुळांना आणि बटईदारांना भाग घेता येतो, असं नियम सांगतो. त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. असा करार लिहून देणारा मालक मला तरी आजवर भेटलेला नाही. ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो कोणीही काढला तरी पीक चढतं ते खातेदाराच्याच सातबाऱ्यावर. आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. हा क्रमांक आधार आणि जमिनीची नोंद जोडूनच मिळतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची ‘शेतकरी’ म्हणून ओळखच तयार होत नाही. आधी बटईदार फक्त यादीत नव्हता. आता यादीत जाण्याचा दरवाजाही बंद होत चालला आहे.

यात मुसलमानांचा वेगळा प्रश्न आहे का? सरळ उत्तर असं की, या योजनांच्या निकषांत धर्म कुठेही नाही. मुस्लिम खातेदाराला हप्ता येतो, तो अडवला जात नाही. ‘आम्हाला मुद्दाम डावललं’ असं म्हणणारे आपल्यात आहेत. ‘सगळ्या योजना यांनाच मिळतात’ असं म्हणणारे बाहेर आहेत. दोघांनीही नियम वाचलेले नसतात. चाळणी धर्माची नाही, जमिनीची आहे. पण जमीन कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे इतिहासाने ठरवलेलं असल्यामुळे त्या चाळणीतून कोण खाली पडतं तेही आधीच ठरलेलं असतं. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की शेतीत असलेल्या मुस्लिमांचं प्रमाण इतर समाजांपेक्षा बरंच कमी आहे. आपल्याकडेही मलकापूर, नांदुरा, खामगाव, मेहकर, लोणार अशा बाजाराच्या गावांत आपली वस्ती दाट. हातात कसब आहे, हातगाडी आहे, सातबारा थोड्यांकडे. खेड्यांतले जे आपले लोक शेती करतात, त्यांतले कितीतरी बटईने आणि ठेक्याने करतात. त्याच बांधावर बौद्ध, माळी, बंजारा, आदिवासी बटईदारही आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच माणसांसाठी. म्हणून ही मागणी मी मुसलमानांची म्हणून मांडत नाही. आपण या रांगेत आहोत, रांग मात्र सगळ्यांची आहे.

एक उदाहरण मात्र खास आपल्या घरातलं आहे. संग्रामपूर, सोनाळा भागातल्या संत्र्याच्या बागा. आपले बागवान बहार झाडावर असतानाच बाग खरेदी करतात, इसार देतात, राखण करतात, तोडणी करतात. गारपिटीत फळ गळलं की पंचनामा बागमालकाच्या नावाने होतो आणि फळबागेची भरपाईही त्यालाच मिळते. बागवानाचा इसार मातीत जातो. तुम्ही म्हणाल, तो व्यापारी आहे, धंद्यात खोट येणारच. मान्य. त्याला सरकारने भरपाई द्यावीच, असा माझा आग्रह नाही. पण मालकाने फळ आधीच विकून पैसे घेतले असतील, तर त्याचं नेमकं कोणतं नुकसान झालं म्हणून त्याला भरपाई द्यायची? नुकसानीची भरपाई द्यायची असेल, तर ते कोणाचं झालं हे आधी विचारावं लागेल.

आणखी एक यादी आहे, तिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांपैकी एक. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि या जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षीच्या निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपये मिळू लागले. पण त्यासाठी जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर हवी आणि कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. ठेक्याने शेती करणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. तो कृषी केंद्राकडून, नातेवाइकांकडून, बिनपरवाना सावकाराकडून घेतो. त्याने जीव दिला तर प्रकरणावर ‘अपात्र’ असा शेरा बसतो. मेल्यानंतरही तो शेतकरी ठरत नाही.

व्याख्या आहे, वापरत नाहीत

कसणाऱ्याला शेतकरी म्हणा, ही मागणी नवी नाही. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशींवरून केंद्राने २००७ मध्ये राष्ट्रीय शेतकरी धोरण स्वीकारलं. त्यातल्या ‘शेतकरी’च्या व्याख्येत कूळ, बटईदार, शेतमजूर, पशुपालक सगळे आहेत. म्हणजे शेतकरी कोण याचं उत्तर सरकारने स्वतःच देऊन ठेवलं आहे. पैसे वाटायची वेळ आली की ते कपाटात राहतं आणि सातबारा टेबलावर येतो.

काही राज्यांनी वेगळं करून पाहिलं. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत बटईदारांना आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही मदत दिली गेली. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्यांच्या हक्काचा कायदाच केला. अकरा महिन्यांचं कार्ड द्यायचं, जमिनीवर त्याने कोणताही हक्क निर्माण होणार नाही, फक्त पिकाशी संबंधित कर्ज, विमा, भरपाई कसणाऱ्याला मिळेल. तिथल्या ‘रयतु भरोसा’ योजनेत अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि अल्पसंख्याक समाजांतल्या भूमिहीन कुळांचा समावेश केला गेला. सगळं सुरळीत झालं असं नाही. कार्डासाठी मालकाची संमती लागत होती आणि अनेक मालक सही करायला कचरले. उलट तेलंगणाच्या ‘रयतु बंधू’ने एकरी मदत फक्त मालकांना दिली, तीही किती एकरांपर्यंत याची मर्यादा न घालता. मोठ्या जमीनदाराला मोठी रक्कम आणि कुळाला शून्य, अशी टीका तिथे वर्षानुवर्षं झाली. दोन शेजारी राज्यं, दोन रस्ते. आपण कोणत्या रस्त्याने जायचं, हे ठरवता येतं.

आक्षेप येतात आणि ते ऐकायला हवेत.

पहिला आक्षेप मालकाच्या भीतीचा. विदर्भात १९५८ चा कूळ कायदा आहे. लिहून दिलं तर उद्या हा कूळ म्हणून उभा राहील, ही भीती पिढ्यांपासूनची आहे आणि ती अगदीच खोटी नाही. तीन एकरांची विधवा मालकीण जमीन ठेक्याने देते ती श्रीमंत म्हणून नव्हे, नांगर धरणारं घरात कोणी नाही म्हणून. तिची जमीन सुरक्षित राहिलीच पाहिजे. नीती आयोगासाठी डॉ. ताजामुल हक यांच्या समितीने २०१६ मध्ये आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा दिला, तो याच पेचासाठी होता. मालकी मालकाची पक्की, आणि कसणाऱ्याला मुदतीपुरती अधिकृत ओळख. जमिनीचा हक्क आणि पिकाचा हक्क वेगळे केले की दोघांची भीती जाते.

दुसरा आक्षेप बोगस दाव्यांचा. उद्या कोणीही उठून ‘मी बटईदार’ म्हणेल. पण गावात कोणतं शेत कोण कसतो, हे कोणापासून लपलेलं असतं? तलाठ्याला, कोतवालाला, कृषी केंद्रवाल्याला, शेजाऱ्याला, सगळ्यांना ठाऊक असतं. महसूल नियमांत गाव नमुना सात-ब आहे. जमीन खातेदाराऐवजी दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्याची नोंद करण्यासाठीच तो आहे. ग्रामसभेत यादी वाचली, हरकती ऐकल्या, हंगामापुरती नोंद केली, तर सेतू केंद्रात बसून भरलेल्या अर्जापेक्षा ती जास्त खरी असेल. एक रुपयात पीक विमा होता, तेव्हा सरकारी जमिनींवरही विमे उतरवले गेले. ते कागद बटईदारांनी तयार केले नव्हते.

तिसरा आक्षेप रकमेचा. महिन्याला हजार रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला? ज्याच्या घरी पगार येतो त्याला हजार रुपये थोडे वाटतात. आणि प्रश्न फक्त हप्त्याचा नाही. त्या एका नोंदीमागे विमा आहे, अतिवृष्टीची मदत आहे, पीक कर्ज आहे, कर्जमाफी आहे. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या ज्याच्या नावावर बँकेचं कर्ज होतं त्यालाच मिळाल्या. नोंद नाही तर कर्ज नाही, कर्ज नाही तर माफी नाही.

आपल्या घरचा सातबारा

सरकारला एवढं सुनावल्यावर आपल्याकडेही पाहू.

उश्र आपल्याला माहीत आहे. शेतीच्या उत्पन्नावर द्यायचा दहावा हिस्सा. इतर वाचकांसाठी सांगतो, तो जमिनीवर नसतो, पिकावर असतो. आणि पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाला दहावा, तर मेहनतीने किंवा खर्चाने पाणी दिलेल्या पिकाला विसावा. किती घाम गाळला, किती पैसा ओतला, याचा हिशेब त्या नियमातच आहे. एवढी बारीक समज ज्या परंपरेत आहे, त्या परंपरेतल्या माणसांनी कसणाऱ्याचा हक्क सर्वांत आधी ओळखायला हवा होता.

प्रत्यक्षात काय दिसतं? कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तो ऐच्छिक नाही, फर्ज आहे. बाप गेला की वारसाच्या फेरफारात मुलींची नावं चढतात आणि काही महिन्यांत त्यांची हक्कसोड पत्रं तयार होतात. ‘भावाशी बिघडायला नको’, ‘लग्नात दिलंच की’, हे दोन संवाद मी इतक्या घरांत ऐकले आहेत की आता कोण बोललं ते आठवत नाही. आमच्या नात्यातली एक खाला चाळिशीत बेवा झाली आणि माहेरी परतली. भावाच्याच शेतात निंदायला जाते. किसान सन्मानच्या नियमाप्रमाणे वारसाहक्काने आलेली जमीन चालते. तिचं नाव सातबाऱ्यावर असतं तर तिचं कुटुंब वेगळं धरलं जाऊन वर्षाला बारा हजार तिच्या खात्यात आले असते. अतिवृष्टीची मदत आली असती. ओळख क्रमांक निघाला असता. ही दारं सरकारने लावली नाहीत. तिच्या हक्कसोडीवर जिथे अंगठा लागला, तिथे आपलीच माणसं बसली होती.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली. बायकोच्या नावावर जमीन करा, असं सांगत ते गावोगाव फिरले आणि अनेक गावांनी ते करून दाखवलं. आपल्याला तर नवी मोहीमही नको. जे फर्ज आहे तेवढंच करायचं आहे.

तसंच मशीद, दर्गा, कबरस्तानच्या नावे असलेल्या इनामी आणि वक्फ जमिनींचं. संस्थेची जमीन म्हणून ती किसान सन्मानमधून वगळलेली आहे. देवस्थानांच्या जमिनींनाही तोच नियम. पण ती कसणारा कोणीतरी गरीबच असतो. त्याला कमिट्या तोंडी ठेक्यावर ठेवतात, पावतीही देत नाहीत. त्याच्या नावाने रीतसर, नोंदवलेला भाडेपट्टा करून दिला तर निदान पीक विम्याचं दार त्याला उघडेल. जिल्ह्यातल्या कमिट्यांनी हे केलं, तर बाकीच्या मालकांना सांगायला आपल्याला तोंड राहील.

सरकारकडे मागायच्या गोष्टी फार नाहीत. कसणाऱ्याची हंगामापुरती नोंद ग्रामसभेत व्हावी आणि तिने मालकीला धक्का लागणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहावं. त्या नोंदीवर शेतकरी ओळख क्रमांक मिळावा. पिकाच्या नुकसानीची मदत ज्याने पीक घेतलं त्याला मिळावी. बटई असेल तर दोघांत वाटली जावी. किसान सन्मानचे पैसे मालकाकडून काढून घ्या, असं मी म्हणत नाही. दोन-तीन एकरवाला मालकही मेटाकुटीला आलेला आहे. पण सोयाबीन सडल्यावर भरपाई ज्याचं सोयाबीन होतं त्यालाच मिळावी, एवढं तरी दोघांनाही पटण्यासारखं आहे.

येत्या पाडव्याला पुन्हा ठेके ठरतील, तोंडीच ठरतील. निदान आपल्या ओळखीतल्या मालकाला एवढं विचारून पाहा, यंदा पिकाची मदत आली तर ती कोणाची? आणि उत्तर आलं की ते कागदावर लिहून घ्या.